लंब, स्तंभिका आणि गुण्या : विमानाच्या वक्र पत्र्यावरील रिव्हेटकामाच्या परिभाषेची चिकित्सा

गेल्या सत्रात पदव्युत्तर वर्गाच्या तांत्रिक अनुवादाच्या तासाला एक इंग्रजी उतारा मराठीत आणण्यासाठी दिला होता. विमानाच्या धडाचा वक्र पत्रा आणि त्याच्या आतल्या पट्ट्या रिव्हेटांनी जोडणारे स्वयंचलित यंत्र आपले हत्यार प्रत्येक भोकापाशी कसे आणून उभे करते, याचे त्यात वर्णन होते. उतारा दहाबारा ओळींचा. वाक्यरचना अगदी सरळ. तथापि त्यातील एका विधानाचे चार प्रकारचे अनुवाद हाती आले. एकाने लिहिले, ‘हत्यार पृष्ठभागास लंब ठेवावे’. दुसऱ्याने ‘लंब’च्या जागी ‘अभिलंब’ घातले. तिसऱ्याने ‘नॉर्मल’ हाच शब्द देवनागरीत उतरवला. चौथ्याने ‘हत्यार पृष्ठभागास सामान्य ठेवावे’ असे लिहिले, आणि वर्गात हशा पिकला. हशाला कारण होते, यात शंका नाही. परंतु उरलेल्या तिघांची वाक्येही आपल्याला वाटतात तितकी निर्दोष नाहीत. हा लेख त्या तीन वाक्यांविषयी आहे.

शब्दांकडे वळण्यापूर्वी वस्तूकडे पाहणे इष्ट. पुष्कळशा प्रवासी विमानांचे धड अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पत्र्यांचे असते. हे पत्रे आतील उभ्याआडव्या पट्ट्यांना रिव्हेटांनी जोडतात. रिव्हेट म्हणजे आपल्या कारखान्यांतील ‘रिबीट’. कढईचे कान ज्याने बसवतात तेच. फरक एवढाच की कढईच्या रिबिटाचे डोके वर आलेले चालते, विमानाच्या बाहेरील अंगावर ते चालत नाही. तेथे भोकाच्या तोंडाशी १०० अंशांचा शंकूसारखा खळगा करतात आणि रिव्हेटाचे डोके त्यात असे बसवतात की वरून बोट फिरवले तर काही लागू नये. आता भोक पाडणारे हत्यार एक अंशाने कलले असे समजा. डोक्याचा व्यास ८ मिलिमीटर असेल तर त्याच्या समोरासमोरच्या दोन कडांमध्ये सुमारे ०.१४ मिलिमीटरचा चढउतार येतो. आकडा क्षुल्लक दिसतो. पण एका विमानाला असे रिव्हेट हजारोंनी लागतात, आणि कललेल्या डोक्याखाली राहिलेली फट ही पुढे चीर पडण्याची जागा होऊ शकते. म्हणून हत्याराच्या टोकाने योग्य बिंदू गाठला एवढ्याने काम भागत नाही. त्या बिंदूपाशी हत्याराचा रोखही योग्य असावा लागतो.

पत्रा सपाट असता तर हा रोख एकदा ठरवून विसरून जाता आला असता. वक्र पत्र्यावर तसे करता येत नाही. धडाची त्रिज्या २ मीटर धरली तर वक्रतेच्या दिशेने केवळ २५ मिलिमीटर सरकताच योग्य रोख सुमारे ०.७ अंशाने वळतो आणि १०० मिलिमीटर सरकताच जवळजवळ तीन अंशांनी. म्हणजे एका रिव्हेटाचा रोख शेजारच्या रिव्हेटास लागू पडत नाही.

आता ‘लंब’ या शब्दाकडे येऊ. संस्कृतातील लम्ब् या धातूचा अर्थ लोंबणे. लंब म्हणजे मुळात जे लोंबते ते. गवंड्याचा ओळंबा हे त्याचे मूर्त रूप. काटकोन करणाऱ्या रेषेस आपण ‘लंब’ म्हणतो तेव्हा जमिनीच्या सपाटीवर सोडलेला दोरा आपल्या कल्पनेत असतो, मग तो आपल्याला जाणवो न जाणवो. इंग्रजीत याच अर्थी जो शब्द आहे तोही लॅटिनमधील ‘पर्पेंडिक्युलम’ म्हणजे ओळंबा यापासून आलेला आहे. दोन दूरच्या परंपरांनी एकाच हत्यारावरून एकच कल्पना घडवली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. परंतु आपल्या उताऱ्यातला मूळ शब्द हा नव्हता. तो होता ‘नॉर्मल’, आणि त्याचे मूळ लॅटिनमधील ‘नॉर्मा’ या शब्दात आहे. नॉर्मा म्हणजे सुतारगवंड्याचा गुण्या.

ओळंबा आणि गुण्या ही दोन्ही हत्यारे एकाच गवंड्याच्या पिशवीत असतात. पण ती दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. ओळंबा पृथ्वीला विचारतो. भिंत वाकडी असो की सरळ, त्याचे उत्तर बदलत नाही. गुण्या समोरच्या पृष्ठभागाला विचारतो. तो जेथे टेकवावा तेथल्या पृष्ठभागाप्रमाणे त्याचे उत्तर ठरते. भिंत उभी आणि जमीन सपाट असली की दोन्ही उत्तरे जुळतात, आणि म्हणूनच रोजच्या व्यवहारात आपण या दोन कल्पनांचा भेद करीत नाही. विमानाच्या वक्र पत्र्यावर तो करावाच लागतो. तेथे यंत्राला हवा असतो तो गुण्या, आणि आपण त्याच्या हाती ओळंबा देतो.

यावर कोणी म्हणेल की शब्दाची व्युत्पत्ती हा त्याचा अर्थ नव्हे. भूमितीत ‘लंब’ शब्दाला आता जमिनीशी कर्तव्य उरलेले नाही. आक्षेप रास्त आहे, आणि भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने तर तो मान्य केलाच पाहिजे. म्हणून व्युत्पत्ती बाजूस ठेवून ‘लंब’ शब्द वाक्यात कसा वागतो तेवढेच पाहू. ‘लंब’ हे येथे विशेषण आहे आणि त्याला चतुर्थीची अपेक्षा असते: अमुक रेषा तमुकास लंब. हा संबंध उभयपक्षी असतो. क ही रेषा ख रेषेस लंब असेल तर ख ही क ला लंब असतेच. शिवाय या रचनेत स्थळ सांगावे लागत नाही. ‘हत्यार पृष्ठभागास लंब ठेवावे’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या पुरे झाले, ‘कोठे?’ हा प्रश्न विचारल्यावाचूनच पुरे झाले. वक्र पृष्ठभागाच्या बाबतीत मात्र ‘कोठे?’ हाच मुख्य प्रश्न आहे, कारण संपूर्ण पृष्ठभागास लंब अशी एकही दिशा नसते. अनुवाद चुकला असे कोणी म्हणणार नाही. परंतु जो प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहावयास हवा होता तो वाक्याने दडपून टाकला.

‘अभिलंब’ हा हिंदी पाठ्यपुस्तकांत रूढ असलेला शब्द. मराठीतही तो अधूनमधून दिसतो. त्याने ‘नॉर्मल’ आणि ‘पर्पेंडिक्युलर’ यांना दोन वेगळे प्रतिशब्द मिळाले, ही सोय खरी. पण उपसर्गाने केलेला भेद हा बहुधा कोशातला भेद राहतो. ‘लंब’ आणि ‘अभिलंब’ यांत नेमका फरक कोणता, हे ‘अभि’ या दोन अक्षरांतून कोणालाही उमगत नाही; ते पाठ करावे लागते. आपल्या परिभाषानिर्मितीचे हे जुने दुखणे आहे. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय निघाले आणि पुढे अनेक शास्त्रांचे परिभाषाकोश सिद्ध झाले. त्या कामाचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. त्यावाचून आज हा लेखही लिहिता आला नसता. परंतु एका इंग्रजी शब्दास एक संस्कृत शब्द आणि जवळच्या इंग्रजी शब्दास त्याच संस्कृत शब्दाचे उपसर्गयुक्त रूप, ही पद्धत अनेकदा शब्दांचे कोष्टक समोर ठेवून चालते, वस्तू समोर ठेवून नव्हे.

मग ‘नॉर्मल’ हाच शब्द का घेऊ नये? नट, बोल्ट, रोबोट हे शब्द आपण घेतले आणि ते पचलेही. परक्या शब्दांचा विटाळ मानणाऱ्यांपैकी प्रस्तुत लेखक नाही. अडचण निराळी आहे. नट शब्द मराठीत आला तेव्हा त्या वस्तूची जागा रिकामी होती (नाटकातला नट वेगळा, आणि त्याच्याशी गल्लत कोणी करीत नाही). ‘नॉर्मल’ शब्द मात्र मराठीत आधीच येऊन बसला आहे. ताप उतरला की रुग्ण नॉर्मल होतो. बाळंतपण नॉर्मल होते. पाऊस थांबला की गाड्या नॉर्मल धावू लागतात. या सर्वांत ‘नेहमीसारखे’ हा अर्थ इतका पक्का झाला आहे की भूमितीतला अर्थ त्याच्या शेजारी टिकत नाही. ज्या विद्यार्थ्याने ‘सामान्य’ लिहिले त्याने अज्ञान दाखवले नाही. मराठीत नांदणाऱ्या ‘नॉर्मल’ शब्दाचा इमानाने अनुवाद केला, एवढेच. हसणाऱ्यांनी हेही ध्यानी घ्यावे.

आश्चर्य असे की योग्य शब्द आपल्याजवळ आहे, आणि तो आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत शिकलेला आहे. मराठी शालेय विज्ञानात आरशावरील प्रकाशाचे परावर्तन शिकवताना आपतन बिंदूपाशी आरशावर उभी केलेली जी रेषा असते, तिला ‘स्तंभिका’ म्हणतात. वर्गातील एकाही विद्यार्थ्याला तो आठवला नाही. आठवला असता तरी आरशाचा शब्द विमानाला चालेल अशी कल्पना कोणाला आली असती की नाही याची शंका वाटते. शाळेत शिकलेला शब्द त्या धड्याबाहेर काढायचा नसतो, अशी काहीशी आपली समजूत असते.

‘स्तंभिका’ हे नाम आहे, विशेषण नव्हे. आणि येथेच सारा फरक पडतो. नाम असल्यामुळे ते षष्ठीची किंवा सप्तमीची अपेक्षा निर्माण करते. स्तंभिका कोणाची? कोठली? ‘हत्यार पृष्ठभागाच्या स्तंभिकेवर ठेवावे’ असे लिहिले की वाक्य अपुरे वाटते आणि लेखणी आपोआप ‘त्या भोकापाशी’ असे जोडते. बिंदूचा उल्लेख करण्यास व्याकरणच भाग पाडते. दुसरे असे की स्तंभिकेचा संबंध उभयपक्षी नाही. स्तंभिका पृष्ठभागाची असते. पृष्ठभाग स्तंभिकेचा नसतो. पृष्ठभाग आधी आहे तसा आहे, आणि हत्याराने त्याच्याकडे यावयाचे आहे, ही यंत्राची खरी रीत त्या शब्दात आपसूक येते.

यंत्र हे प्रत्यक्षात कसे साधते? हत्याराच्या तोंडाभोवती अंतर मोजणारे तीन किंवा चार संवेदक बसवलेले असतात. अनेक यंत्रांत ते लेसरवर चालतात. प्रत्येक संवेदक आपल्यापासून पत्रा किती दूर आहे ते सांगतो. समोरासमोरच्या दोन संवेदकांत ६० मिलिमीटरचे अंतर असेल आणि त्यांच्या मापांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक निघाला, तर हत्यार सुमारे अर्ध्या अंशाने कललेले आहे असे ठरते. मग यंत्र आपल्या दोन फिरत्या अक्षांवर, टोकाची जागा न हलवता, तेवढे वळते. गोलाकार पत्र्यावरही ही युक्ती चालते, कारण वक्रतेमुळे दोन्ही बाजूंस पत्रा सारखाच दूर जातो आणि फरक शून्य राहतो. गवंडी गुण्या टेकवून दोन्ही बाजूंची फट पाहतो, त्याहून हे तत्त्व वेगळे नाही. मात्र दोन पत्र्यांच्या सांध्यावर, जेथे एक पत्रा दुसऱ्यावर चढलेला असतो, तेथे एक संवेदक वरच्या पत्र्यावर आणि दुसरा खालच्यावर पडू शकतो. पत्रा दीड मिलिमीटर जाड असेल तर यंत्राला जवळजवळ दीड अंशाचा कल भासतो, आणि तो दुरुस्त करण्याच्या भरात सरळ असलेले हत्यार ते वाकडे करते. तेव्हा ‘पृष्ठभाग’ हा शब्दही वाटतो तितका निरुपद्रवी नाही. कोणाचा पृष्ठभाग, हे सांध्यावर विचारावेच लागते.

निष्पक्षपातीपणे ‘लंब’ची बाजूही मांडली पाहिजे. रिव्हेटकामाच्या यंत्रांचा एक जुना प्रकार आहे. इंग्रजी सी अक्षराच्या आकाराची भक्कम चौकट, तिच्या वरच्या टोकाला हत्यार, खालच्या टोकाला ऐरण. हत्यार कायमचे उभे असते, ते कलत नाही. त्याऐवजी पत्राच एका मोठ्या सांगाड्यावर धरून असा कलवतात की ज्या ठिकाणी रिव्हेट मारावयाचा तेथला भाग आडव्या सपाटीत यावा. या यंत्रात स्तंभिकेला ओळंब्यावर आणले जाते. पृष्ठभाग हत्याराकडे येतो, आणि ‘लंब’ हा उभयपक्षी शब्द तेथे अगदी शोभून दिसतो. पुढे मोठे पत्रे उभे धरून त्यांवर फिरणारी यंत्रे आली. वेल्समधील ब्रॉटन येथे एअरबसच्या पंखांच्या पत्र्यांसाठी अशी यंत्रे वापरली जातात. पत्रा स्थिर राहिला आणि हत्यार वळू लागले. यंत्राची रीत उलटली, तरी शब्द जुनाच राहिला तर वाचकाच्या डोळ्यांपुढे जुनेच यंत्र उभे राहते.

उताऱ्यातील दुसरा शब्दही याच जातीचा होता. आराखड्यातील मूळ मापाला इंग्रजीत ‘नॉमिनल’ म्हणतात. दोन अनुवादांत तो ‘नाममात्र स्थान’ असा उतरला. कोशाच्या आधाराने हा अनुवाद समर्थनीय ठरेल. पण मराठीत नाममात्र म्हणजे नावापुरते, ज्याला फारसा अर्थ नाही असे. नाममात्र भाडे, नाममात्र अध्यक्ष. आराखड्यातील स्थान असे बिनमहत्त्वाचे मुळीच नसते. यंत्राची सारी आज्ञावली त्यावरच लिहिलेली असते. प्रश्न इतकाच की प्रत्यक्ष पत्रा आराखड्याशी तंतोतंत जुळत नाही. अॅल्युमिनियम दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या दशलक्षांश २३ भागांनी वाढते. म्हणजे १० मीटर लांबीच्या पत्र्याचे तापमान ५ अंशांनी वाढले तर तो १ मिलिमीटरहून अधिक लांबतो. रिव्हेट भोकात फुगतात तेव्हाही पत्रा किंचित ताणला जातो. म्हणून यंत्र अधूनमधून कॅमेऱ्याने आधी मारून ठेवलेले तात्पुरते रिव्हेट शोधते, त्यांचे प्रत्यक्ष स्थान पाहते आणि मधल्या भोकांची स्थाने त्या मानाने सरकवून घेते. ‘आरेखित स्थान’ आणि ‘प्रत्यक्ष स्थान’ अशी जोडी वापरली तर हा व्यवहार एका वाक्यात सांगता येतो. ‘नाममात्र’ने तो सांगता येत नाही, उलट वाचकाला वाटते की आराखडा दुर्लक्षिला तरी चालेल.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले पाहिजे, कारण ती परिभाषेच्या पलीकडे जाते. हाताने रिव्हेट मारण्याचे काम परंपरेने दोघांचे असते. एक जण बाहेरून ठोकतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा टेकवून धरतो, आणि मधला पत्रा दोघांनाही एकमेकांना पाहू देत नाही. स्तंभिकेला दोन टोके असतात, हे कारागिराला पुस्तकावाचून ठाऊक असते. आपल्या उताऱ्यात मात्र आरंभापासून शेवटपर्यंत ‘हत्यार’ हा शब्द एकवचनी होता, आणि चारही अनुवादकांनी तो एकवचनीच ठेवला. बोइंग कंपनीने ७७७ विमानाच्या धडासाठी आतून आणि बाहेरून जोडीने काम करणाऱ्या कूका रोबोटांची योजना २०१४ मध्ये जाहीर केली होती. २०१९ च्या नोव्हेंबरात ती सोडून दिल्याचे प्रसिद्ध झाले. आतला आणि बाहेरचा रोबोट यांचा मेळ बसवणे अवघड गेले, असे तेव्हाच्या वृत्तांतून कळते. त्यानंतर कंपनीने पत्र्यालाच चिकटून बसणाऱ्या लवचीक रुळांवरून फिरणारी भोके पाडण्याची यंत्रे घेतली आणि रिव्हेट बसवण्याचे काम पुन्हा कारागिरांच्या हाती दिले. रूळ धडाच्या वक्रतेप्रमाणे वाकत असल्याने त्यावरचे यंत्र स्तंभिकेच्या जवळपास आपोआपच राहते. त्याच वर्षी एअरबसने हाम्बुर्ग येथे २० रोबोट असलेली धडजोडणीची नवी रांग सुरू केली, हेही सांगितले पाहिजे; रोबोटांची पद्धत सरसकट फसली असा निष्कर्ष कोणी काढू नये. बोइंगला आलेल्या अडचणीस कोणाची परिभाषा कारणीभूत होती, असे सुचवण्याचा तर येथे तिळमात्र हेतू नाही. म्हणणे एवढेच की ज्या कामाचा कस दोन हत्यारांच्या मेळात आहे त्याचे वर्णन एकाच हत्याराला कर्ता करून लिहिले, तर अडचण कोठे आहे हे वाचकाला कळण्यास मार्गच उरत नाही. मराठीत त्यासाठी नवी संज्ञा लागत नाही. ‘बाहेरचे हत्यार’ आणि ‘आतली ऐरण’ एवढे लिहिले की पुरे.

‘स्तंभिका’ शब्दावरही एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो वर्गात आलाही. स्तंभही जमिनीवर ताठच उभा असतो. मग त्यात पृथ्वी नाही काय? दीपमाळ कलली तर आपण तिला स्तंभ म्हणत राहू, पण तिची डागडुजीही करू. हा आक्षेप टाळण्यासारखा नाही. उत्तर इतकेच देता येते की स्तम्भ् धातूचा अर्थ रोवणे, ताठ होणे असा आहे. त्यात लोंबण्याप्रमाणे दिशा अंगभूत नाही. स्तंभ ज्यात रोवला आहे त्याचा असतो. तथापि विमानाच्या पोटाखालच्या बाजूस खाली डोके करून उभी असलेली स्तंभिका विद्यार्थ्याला प्रथम विचित्र वाटेल, हे कबूल केले पाहिजे.

एक प्रश्न मात्र सुटलेला नाही. इंग्रजी उताऱ्यात ‘नॉर्मल’वरून साधलेले एक क्रियापदही होते, यंत्र भोकापाशी येऊन स्वतःला स्तंभिकेवर आणते, या अर्थाचे. ‘स्तंभिकेवर येणे’ ठीक आहे, पण ते अकर्मक. त्याने यंत्र वळते की वळवले जाते हे समजत नाही. ‘लंबित करणे’ हा शब्द कचेऱ्यांतील ‘प्रलंबित’च्या फार जवळ बसतो. गवंडी आणि सुतार ‘गुण्यात घेणे’ असे म्हणतात: चौकट गुण्यात घे, कोपरा गुण्यात घे. हा वाक्प्रचार सकर्मक आहे, त्याला कर्ता आणि कर्म दोन्ही लागतात, आणि ‘नॉर्मा’चे मूळ त्यात जसेच्या तसे आहे. पुढच्या तासाला ‘सामान्य’ लिहिणाऱ्या त्याच विद्यार्थ्याने आपले वाक्य दुरुस्त करून आणले: ‘प्रत्येक भोकापाशी यंत्र बाहेरचे हत्यार तेथल्या स्तंभिकेवर गुण्यात घेते, आणि आतली ऐरण त्याच रेषेत आणते.’ ‘गुण्यात’ या शब्दाखाली त्याने पेन्सिलीने रेघ मारली होती आणि समासात विचारले होते की, हे परीक्षेत चालेल काय?